उडालेला हिंगूळ

आमच्या घरात रंग वर्षातून एकदा यायचा. पोळ्याच्या आदल्या सांजेला, कागदाच्या पुडीत, दादांच्या सदऱ्याच्या खिशातून. बैलांची खांदेमळणी उरकलेली असायची, गोठ्याकडून हळदीचा आणि लोण्याचा वास येत असायचा, आणि कंदिलाच्या उजेडात दादा ती पुडी अशा हलक्या हाताने सोडायचे, जणू आत एखादं पाखरू झोपलं आहे. हिंगूळ. नुसतं तांबडा म्हणून भागायचं नाही. त्या चिमूटभर भुकटीत जास्वंदीची पाकळी होती, कोंबड्याचा तुरा होता, लोहाराच्या भट्टीतून नुकत्याच काढलेल्या फाळाची धग होती. तेलाचे दोन थेंब पडले, काडी फिरली, की ती भुकटी ओली होता होता खोल जायची, विहिरीसारखी, आणि मी वाकून आत पाहत राहायचो.

दुसऱ्या दिवशी बैल धुऊन आणले की निंबाची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि शिंगांना बुडापासून टोकापर्यंत रंग ओढायचा. दादा वेसण धरून उभे. मी एका दगडावर चढलेलो. शिंग हाताला कोमट लागतं. त्या कोमट, किंचित खरबरीत वळणावरून तांबडी ओली रेघ वर सरकायची, बैल डोळे मिटायचा, आणि माझ्या छातीत काहीतरी सावकाश उजळत जायचं.

तो माझा पहिला धडा. रंग जिवंत अंगावर द्यायचा असतो, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो.

आमचं गाव युसूफ वडगाव, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. महाराष्ट्रात वडगावं पुष्कळ. आमच्या वडाशेजारी युसूफ उभा आहे, म्हणून आमचं गाव ओळखू येतं. लहानपणी पाटीवर गावाचं नाव लिहिताना मला ते दोन शब्द दोन रंगांसारखे वाटायचे. एक पारंबीचा, मातकट, ओलसर. दुसरा फिक्या हिरव्या चादरीसारखा, वाऱ्यावर हलणारा. वेगळे लिहिले तर दोन्ही साधे. जोडीने लिहिले की एकाच्या सावलीत दुसरा उजळायचा. पुढे किती तरी वर्षांनी मला कळलं, की रंगांचं सगळं शास्त्र या शेजारात आहे. पाटीवरच्या खडूने ते आधीच सांगून ठेवलं होतं.

शिवाराचे रंग मात्र रोजचे होते, आणि फुकटचे. पावसाने काळी झालेली काळी जमीन, तिच्यावर तुरीचा पिवळा मोहर आणि त्या पिवळ्याच्या पाठीवर बारीक लाल शिरा. हरभऱ्याचं एवढंसं जांभळं फूल, वाकल्याशिवाय न दिसणारं. जवसाचा निळा. करडईचं फूल उमलताना पिवळं असतं आणि सुकत जाताना केशरी, मग तांबूस होतं. तारुण्यात फिकं आणि म्हातारपणी रंगलेलं, असं उलट्या आयुष्याचं फूल. आजी त्या सुकल्या करडईकडे बघून म्हणायची, ‘कुसुंबी झालं बग.’ कुसुंब म्हणजे करडई हे मला नंतर समजलं. तिने तो शब्द शेतातून उचलला होता, मी तो शब्दकोशात शोधत गेलो.

आजीकडे रंगांची मोठी दौलत होती. अक्षर ओळखत नसलेली ती बाई रंग मात्र नावानिशी ओळखायची. आमसुली, अंजिरी, किरमिजी, गव्हाळ, मोतिया, गुलबक्षी, शेवाळी, राखुंडी. आठवडी बाजारात लुगड्यांच्या ढिगापुढे ती उभी राहिली की प्रत्येक घडीवर बोट ठेवून एकेकाला हाक मारल्यासारखी बोलायची. विकत मात्र एकच घ्यायची, आणि तेही वर्षा-दोन वर्षांनी. आजोबा गेल्यापासून तिच्या अंगावर पारवा रंग होता. पारव्याच्या पाठीचा. राखेसारखा म्हणावा तर त्यात निळं काहीतरी हललेलं असायचं, निळा म्हणावा तर तो धुरकट व्हायचा, आणि ऊन तिरपं पडलं की पारव्याच्या मानेवर दिसते तशी जांभळी-हिरवी झाक क्षणभर उठून विरायची. त्या लुगड्याच्या ओच्यात तोंड खुपसून मी दर वर्षी रडलो आहे. त्याचा रंग मला डोळ्यांपेक्षा गालांनी अधिक ठाऊक आहे.

कारण दसरा झाला की माय आणि दादा निघायचे.

मुकादमाची उचल घेतलेली असायची. टोळीचा ट्रक पहाटे यायचा आणि त्यात सगळा संसार चढायचा: पाट्याशिवायचा वरवंटा, ज्वारीचं पोतं, कोंबड्या, कोयते, गाडीची चाकं, आणि शेवटी आमचे दोन बैल. मला शाळा होती म्हणून मी आजीपाशी. माय माझ्या तोंडावरून हात फिरवायची, बोटं कानामागे मोडायची आणि एकही शब्द न बोलता वर चढायची. ट्रक हलला की धूळ उठायची. त्या धुळीत आधी माणसांचे चेहरे पुसले जायचे, मग मायचं हिरवं लुगडं, मग ट्रकच्या पाठीवर लिहिलेली अक्षरं. सगळ्यांत शेवटपर्यंत दिसत राहायची ती फाळक्याच्या वर आलेली दोन तांबडी शिंगं. मी रंगवलेली. वळणावरच्या बाभळीपाशी ती एकदा चमकायची.

मग नुसता रस्ता.

माणसं परतायची ती पाडव्याच्या आगेमागे. पाच-साडेपाच महिने उसात गेलेले असायचे. कुणाच्या तरी कोपीत, कुणाच्या तरी फडात, पहाटेच्या गारठ्यात मोळ्या बांधताना, कारखान्याच्या रांगेत रात्र काढताना. मी पळत सुटायचो आणि ट्रकपाशी पोचल्यावर एकदम बुजायचो. मायचा हात खरखरीत झालेला असायचा, तिचा चेहरा उन्हाने एक छटा गडद झालेला असायचा. आणि बैलांची शिंगं! पाचटावर घासून, चिखलात माखून, दवात भिजून आणि उन्हात सुकून त्यांच्यावरचा हिंगूळ उडून गेलेला असायचा. उरलेला असायचा तो फक्त वळणाच्या आतल्या बाजूला, बोटभर, फिका, विटकरीहून फिका, जखमेवरची खपली पडून गेल्यावर कातडीवर राहतो तसा. मी त्यावर बोट फिरवायचो. माझ्या वर्षातले जे महिने कुणीतरी खाऊन टाकले, त्यांचा तो रंग होता. असं मला वाटायचं.

आजी मात्र तेव्हा घाईत असायची. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, चाकांवर आणि खुरांवर पाणी ओतायचं, डोळे पुसायचे. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी शिंगांकडे पाहत होतो.

पाचवीत मला रंगांची पेटी मिळाली. 12 वड्यांची, कॅमलची, पत्र्याची. झाकण उघडलं की आत बारा लहान चौकोनी दारं. लेमन यलो, क्रोम यलो, व्हर्मिलियन, क्रिमझन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. परक्या गावांची नावं वाटायची ती, जिथे मी कधीतरी जाणार होतो. आमचे चित्रकलेचे सर बोलायचे कमी. वर्गात आले की खिडकीतून एकदा आभाळाकडे बघायचे आणि मग फळ्याकडे वळायचे. एका सकाळी त्यांनी स्मरणचित्राला विषय दिला: ‘निरोप.’

मी जे काढलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. ट्रक काळा. रस्ता काळा. आभाळाला काळ्याचा वॉश. दारात उभी असलेली आजी काळी, आणि तिच्या शेजारचा मुलगा तर इतका काळा, की कागद तिथे खरवडून फाटायला आला होता. मी ब्रश घासत होतो आणि डोळे पाझरत होते. मला वाटत होतं, जितका काळा लावीन तितकं आतलं बाहेर येईल.

सर बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग माझ्या पेटीतून, नखाने उचकटून, त्यांनी काळी वडी काढली. खिशातल्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधली.

‘हिची आता तुला गरज नाही. लागली तर मागून घे. पण आधी एक वर्ष मागू नको.’

आणि जाता जाता, पाठमोरे, हळू आवाजात: ‘काळ्यानं अंधार दिसतो, बाळा. तुला तर सकाळ काढायची होती. ते सकाळी गेले ना?’

मी सुन्न झालो. खरंच, ते सकाळी गेले होते. पिवळं, कोवळं, गाईच्या नव्या दुधासारखं ऊन होतं त्या दिवशी. तुरीला मोहर होता. आभाळ धुतल्यासारखं होतं. सगळं सुंदर होतं, आणि त्या सुंदरातून ते गेले होते, आणि म्हणूनच ते सोसवत नव्हतं.

त्या वर्षी मी काळ्यावाचून जगायला शिकलो. पेटीत एक रिकामा चौकोन होता, दात पडल्यावर जीभ जाते तसा ब्रश सवयीने तिथे जायचा आणि परत फिरायचा. गडद हवा असेल तर तो घडवावा लागायचा. क्रिमझनमध्ये प्रशियन ब्लू घातला की रात्रीच्या विहिरीचं पाणी मिळायचं. हिरव्यात तांबडा उतरला की पानांखालची सावली. आणि एका दुपारी, ज्वारीच्या कडब्याची गंज रंगवताना, आल्ट्रामरीनच्या ओल्या डागात बर्न्ट सिएनाचा एक थेंब चुकून पडला. तपकिरी माती आणि निळं आभाळ. दोघं एकमेकांत शिरले, जरासे झगडले, मग निवले. कागदावर एक करडा रंग पसरत गेला आणि सुकताना त्याच्या कडेला निळी किनार राहिली, पोटात तांबूस ऊब राहिली. काळ्यात पांढरा कालवून मी आजवर जे करडे केले होते ते सिमेंटसारखे होते, मुके. हा करडा श्वास घेत होता.

मी तो कागद उन्हात धरला. मला लगेच ओच्याचा वास आला.

पारवा.

पण त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी तो फक्त ओळखला. रंगाची ओळख होणं आणि त्याने आपल्याशी बोलणं यांच्यात केवढं मोठं रान असतं.

सरांनी आम्हाला रेखाकला परीक्षांना बसवलं, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. तांब्याच्या पोटावरचा चकाकता ठिपका कागद कोरा ठेवून मिळवायचा असतो, हे त्यात शिकलो. पांढरा लावायचा नसतो, वाचवायचा असतो. आजी तांब्या राखेने घासत बसायची तेव्हा मी तिच्याभोवती फिरून तो ठिपका सरकताना बघायचो. तिला वाटायचं, लेकराला तांब्या आवडतो.

आठवीत सहल अजिंठ्याला गेली. एस.टी.ची लाल गाडी, पुऱ्या आणि लोणच्याचे डबे, आणि डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालासारखी वळलेली ती दरी. 1 नंबरच्या लेण्यात शिरलो तेव्हा बाहेरच्या उन्हाने डोळे दिपलेले होते, काही दिसेना. सगळी मुलं पुढे गेली. मी भिंतीपाशी उभा राहिलो. मग अंधारातून, आधी फक्त एक उजळ गाल, मग झुकलेली पापणी, मग हातातलं निळं कमळ, असा पद्मपाणी माझ्यापाशी आला. तो येत होता की माझे डोळे त्याच्याकडे चालत होते, कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा दुःख म्हटलं असतं, पण ते रडवत नव्हतं, निववत होतं.

16 नंबरच्या लेण्यात ती राजकन्या आहे, नवऱ्याने, नंदाने, संसार सोडल्याचं ऐकून कोसळत चाललेली. मान कलली आहे, बोटं सैल झाली आहेत, तिला सावरणाऱ्या सख्यांच्या डोळ्यांत कळून चुकल्याची छाया आहे. मी काळा शोधला. तिथे शोकाला काळा लावलेला नव्हता. गेरूचा तांबडा, पिवळी माती, चुनखडीचा पांढरा, डोंगरातला मळकट हिरवा. बहुतेक सारे आसपासच्या मातीतलेच रंग, फक्त निळा तेवढा दूर अफगाणिस्तानच्या खाणींतून आलेला. आणि भिंतीला लिंपलेला गारा तर मातीचा आणि तुसाचा. माझी आजी दिवाळीआधी जो कालवते तोच! त्या भिंतीवर तळवा ठेवायचा मोह मी कसा आवरला ते माझं मला माहीत.

1872 पासून पुढे तेरा वर्षं मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. हंगामामागून हंगाम. त्यांतल्या पुष्कळ नकला 1885 साली लंडनच्या आगीत जळाल्या. हे मी मोठेपणी वाचलं आणि त्या विद्यार्थ्यांविषयी माझ्या मनात एक वेडी माया दाटून आली. नकला जळाल्या, पण ती राजकन्या उतरवताना त्यांच्या बोटांत जे उतरलं असेल, ती कललेली मान पुन्हा पुन्हा ओढताना त्यांच्या स्वतःच्या मानेत जी कणव शिरली असेल, ती कुठे जळाली? त्यांतले एक पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरांतले मंद उजेडाचे कोपरे रंगवू लागले. मला उगाच वाटतं, तो उजेड त्यांनी लेण्यांच्या तोंडाशी, डोळे अंधाराला सरावण्याची वाट पाहत, साठवून घेतला असेल.

मग औरंगाबाद, कलेचं शिक्षण, भाड्याची खोली, स्टोव्हच्या धुरात मिसळलेला टर्पेंटाइनचा वास. तिथे माझा हात सुटला. फार सुटला. आता मला रंग वाकवता येत होते. तांबड्याला हिरव्यावर उभं करून ठिणग्या पाडता येत होत्या. भिंतीवर लावलेल्या माझ्या चित्रांपाशी मुलं थांबायची. मी मात्र रात्री त्यांच्याकडे बघायचो तेव्हा ती सगळी एका आवाजात, मोठ्याने, माझ्याविषयीच बोलत असायची. त्यांत सकाळ नव्हती. कुणी गेलेलं नव्हतं.

त्या दिवसांत मला आबालाल रहिमान भेटले. म्हणजे त्यांची चित्रं, आणि कोल्हापूरहून आलेल्या मित्राच्या तोंडून त्यांच्या गोष्टी. शाहू महाराजांच्या पदरचा हा चित्रकार कोटीतीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला आणि 1931 मध्ये गेला. तेच तळं, तोच घाट, तीच झाडं, पण दर वेळी प्रहर निराळा. पहाटेचं पाणी निराळं, कलत्या उन्हाचं निराळं. तळं त्यांच्यासाठी जागा नव्हतीच, ते त्यांचं मन होतं. रोज जाऊन ते बघून यायचे, आज त्यात कोणता रंग उतरला आहे. आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉग! 1885 मध्ये बटाटे खाणारं ते गरीब कुटुंब रंगवताना त्याने त्यांच्या चेहऱ्यांना धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा रंग दिला आणि तसं भावाला कळवलं. ते वाचलं आणि मी ब्रश खाली ठेवला. माझ्या माणसांचा रंग कोणता? उसाच्या पानाने चिरलेल्या हातांचा? पहाटे कोपीसमोर पेटवलेल्या पाचटाच्या उजेडाचा? चार वर्षं मी रंग शिकत होतो आणि घरचा एकही रंग मी अजून कागदावर आणलेला नव्हता.

एका दुपारी ग्रंथालयात, पंख्याच्या संथ आवाजाखाली, मी नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय चाळत होतो. भरतमुनींनी तिथे रसांना रंग दिले आहेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, वीर गौर, अद्भुत पिवळा, बीभत्स निळा. काळा आहे तो भयानकाचा. मी थबकलो, काळी वडी रुमालात बांधणारे सर डोळ्यांपुढे आले. मग बोट खाली सरकलं. करुण. त्याच्यापुढे रंग लिहिला होता: कपोत.

कपोत म्हणजे पारवा.

पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर एका कौलावर दोन पारवे बसले होते, घुमत होते. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी करुणेसाठी रंग शोधताना काळ्यापाशी थांबलं नाही, पांढऱ्यापाशी थांबलं नाही. अंगणात दाणे टिपणाऱ्या, घराच्या वळचणीला राहणाऱ्या, माणसाला सोडून न जाणाऱ्या त्या पाखराच्या पाठीशी येऊन थांबलं. आणि केज तालुक्यातल्या एका अक्षरशत्रू बाईने, बाजारातल्या शेकडो घड्यांतून, नवरा गेल्यावर नेमकी तीच घडी उचलली होती.

2016 चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यायचे ते दिवस. मी गावी आलो होतो आणि भल्या सकाळी धरणाकडे गेलो. जिथे पाणी असायचं तिथे मैलभर गाळ पसरला होता, सुकलेला, तडकलेला, भेगांची जाळी क्षितिजापर्यंत गेलेली. मी त्याच्यात उतरलो. पायाखाली पापुद्रे मोडत होते. सूर्य वर येत होता आणि त्या सगळ्या मुक्या विस्तारावर तो रंग हळूहळू उठत होता: राखेत निळं, निळ्यात तांबूस ऊब, आणि तिरप्या उन्हात क्षणभर जांभळी झाक. धरतीने आजीचं लुगडं नेसलं होतं.

मी तिथेच गाळावर बसलो. कागद काढला. बाटलीतलं प्यायचं पाणी झाकणात ओतलं, आणि त्या उन्हाळ्यात तसं करताना हात थरथरला. थेंब न् थेंब मोजून वापरला. आल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. आभाळ आणि माती. ओल्यावर ओलं सोडत, ब्रश न घासता, मी कागदभर पारवा पसरू दिला, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे कागदाचा पांढरा वाचवलेला. ट्रक काढला नाही. रस्ता काढला नाही. माणूस काढलं नाही. खूप वेळाने, सगळं सुकल्यावर, उजवीकडे, जरा खाली, एक वळण आलं. शिंगाचं. त्याच्या आतल्या बाजूला मी व्हर्मिलियन लावलं आणि लगेच ओल्या बोटाने पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं, उरेल तेवढंच उरू दिलं. बोटभर. खपली पडून गेल्यावर राहतो तसा.

त्या पारव्याच्या शेजारी तो फिका तांबडा असा धडधडू लागला, की मला कागदावर हात ठेवावासा वाटला.

मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं दुःखाचं चित्र काढलं होतं. असं मला वाटत होतं.

घरी आलो. आजी ओसरीवर बसली होती, खांबाला टेकून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जग तिला आता पिवळ्या धुक्यातून दिसायचं. मी तिच्यापुढे कागद धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उन्हाकडे तिरका केला, लुगडं पारखायची तसा. पारव्यावरून तिचा अंगठा फिरला. ‘माज्या लुगड्यावानी केलास की रं,’ ती म्हणाली, सहज. मग अंगठा सरकत सरकत त्या वळणापाशी आला, थांबला.

‘ह्ये शिंग हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘हिंगूळ उडालाय की ह्याचा.’

मी मान हलवली. माझा गळा भरून आला होता. आता ती म्हणेल, मला वाटलं, आता ती ते सगळं म्हणेल.

आजीच्या सुरकुत्या एकाएकी हलल्या. सगळा चेहरा वर उचलला गेला. पाऊस पडून गेल्यावर रान दिसतं तसा तो दिसला. तिने कागद खाली ठेवला, खांबाला धरून उठायला लागली, आणि मला म्हणाली, ‘हिंगूळ उडालाय म्हंजी आले की रं समदे! ऊठ. भाकर दे माज्या हातात. ववाळून टाकते.’

मी जागचा हललो नाही.

किती वर्षं मी त्या फिक्या तांबड्यात गेलेले महिने पाहत होतो. तिने त्यात प्रत्येक वर्षी परतलेली माणसं पाहिली होती. गडद, ताजी, चमकणारी शिंगं म्हणजे निघायची वेळ. दसऱ्यानंतरच्या पहाटेला तिच्या पोटात जो खड्डा पडत असेल, त्याचा रंग तो झळाळता हिंगूळ होता, मी निंबाच्या काडीने आनंदाने ओढलेला. आणि हा उडालेला, पुसलेला, पाचटाने खाल्लेला रंग म्हणजे ट्रकची घरघर, चाकांवर ओतलेलं पाणी, लेक-सून डोळ्यांपुढे. तिच्या सगळ्या उन्हाळ्यांतला हा सगळ्यांत सुखाचा रंग होता. शेजारी तिचाच पारवा होता, आणि त्याच्या कुशीत तो उजळत होता.

मी आत गेलो. दुरडीतली भाकर घेतली, तिचा तुकडा मोडला, तिच्या हातात दिला. तिने तो चित्रावरून ओवाळला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि अंगणात टाकला.

वळचणीचा पारवा खाली उतरला.